पातं फिरंगी, मूठ मराठी

'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग.'

मित्रांनो, हे वाक्य कुठल्या बखरीतलं नाही. हे एका तलवारीच्या पात्यावर सोन्याने लिहिलेलं आहे, तेसुद्धा आपल्या देवनागरीत. २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात ही तलवार विक्रीला आली, महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती घेतली आणि १८ ऑगस्ट २०२५ ला ती मुंबईत पोचली. तुमच्यापैकी पुष्कळांनी बातमी वाचली असेल, स्टेटसला फोटोही टाकला असेल. पण त्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाकडे किती जणांचं लक्ष गेलं? फिरंग!

ज्या माणसाने १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या, १७५१ मध्ये ओडिशा मिळवला, ज्याला छत्रपती शाहूंच्या दरबारातून सेनासाहेब सुभा हा किताब होता, त्या नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांच्या तलवारीवर 'फिरंग' कशाला लिहिलं असेल? तर ते त्या तलवारीच्या जातीचं नाव आहे. पातं युरोपात घडलेलं, सरळ आणि एकधारी. मूठ मात्र आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पातं परदेशी आणि मूठ देशी, अशा तलवारीला मराठ्यांच्या काळात फिरंग किंवा फिरंगी म्हणत.

आता मला या शब्दाचं एवढं काय पडलंय, असं तुम्ही विचाराल. तर सांगते. पहिल्या वर्षापासून आमच्या विंगमध्ये माझं नावच मुळी 'फिरंगी' आहे!

मी अकोल्याची. आपल्या वऱ्हाडात कुठल्याही इंग्रजी शाळेला 'कॉन्व्हेंट'च म्हणतात, अगदी गल्लीतल्या नर्सरीलासुद्धा. पण माझी शाळा खरोखरच सिस्टरांची होती. सकाळी प्रार्थना इंग्रजीत, मधल्या सुट्टीत भांडण इंग्रजीत, मराठीचा तास आठवड्यातून मोजका. त्यामुळे अमरावतीला हॉस्टेलवर आले तेव्हा माझी मराठी म्हणजे एक अजब प्रकार होता. मेसच्या काकूंनी 'एकोणसत्तर रुपये' सांगितले की मी मनातल्या मनात इंग्रजीत भाषांतर करायची, आणि तोवर मागच्या चार जणी हसायच्या. माझी रूममेट (नाव छापलं तर ती माझा चहा बंद करेल) दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यातली. तिने पहिल्याच आठवड्यात बारसं केलं, "काय वं फिरंगी, ठेचा जमते का तुले?"

ठेचा जमला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

असो! मूळ विषयावर येते. गेल्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी आमचा चौघांचा ग्रुप झाला. त्यातला एक मित्र अॅनिमेचा भक्त. त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. जपानी कटानाचं पातं घ्यायचं आणि त्याला युरोपी घोडेस्वाराच्या सेबरची मूठ बसवायची, म्हणजे बोटांवरून कमान जाणारी ती पितळी मूठ. "दोन्हीतलं बेस्ट एकत्र!" असं त्याचं म्हणणं. खरी धारदार तलवार होस्टेलवर करायची तर प्रश्नच नव्हता. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि रेक्टर मॅडम त्याहून कडक आहेत. म्हणून ठरलं, की डिझाइन कॉम्प्युटरवर करायचं आणि जोडाची परीक्षा बोथट लोखंडी पट्ट्यांवर घ्यायची.

आणि तिथे पहिल्याच दिवशी घोडं अडलं. कारण पातं आणि मूठ या दोन गोष्टी दुकानातल्या नट-बोल्टसारख्या कुणालाही कुणी अशा नसतात.

कटानाच्या पात्याचा मुठीत जाणारा भाग चांगला रुंद आणि लांब असतो, कारण ती दोन्ही हातांनी धरायची तलवार आहे. त्या भागाला एक भोक असतं, त्यातून बांबूची छोटी खुंटी आरपार घालतात. बस्स, एवढ्या खुंटीवर मूठ बसते, आणि हवी तेव्हा काढताही येते. घडवणाऱ्या लोहाराची सही असते तीही याच झाकलेल्या भागावर. सेबरचं तंत्र उलटं आहे. तिची मूठ एका हातापुरती, म्हणून आखूड. पात्याचं टोक निमुळतं होत मुठीतून थेट वरपर्यंत जातं आणि शेंड्याला ठोकून कायमचं बंद करतात. म्हणजे कटानाचं पातं सेबरच्या मुठीत घालायचं, तर त्याचा आतला भाग कापायचा आणि घासून बारीक करायचा. तसं केलं की लोहाराची सही गेली. ताकदही गेली, कारण रुंद पातं जिथे एकदम बारीक होतं तिथेच ताण गोळा होतो. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनचा धडा आठवा. पातं तुटतं ते तिथूनच.

मग असं कुणी केलंच नाही का? केलं ना! खुद्द जपानने केलं. १८७६ मध्ये तिथल्या सरकारने सामान्य सामुराईंना कमरेला तलवार लावायची बंदी केली. त्याच काळात नवं सैन्य युरोपी पद्धतीने उभं राहत होतं, गणवेश युरोपी, कवायत युरोपी, म्हणून अधिकाऱ्यांच्या तलवारींच्या मुठीही युरोपी सेबरसारख्या झाल्या. पण काही अधिकाऱ्यांकडे वाडवडिलांची पाती होती. ती टाकवत नव्हती, आणि नव्या मुठीशिवाय लावता येत नव्हती. तेव्हा त्यांनी काय केलं? अशा पात्यांसाठी मूठच लांब करून घेतली. कमान सेबरची, पण पकड दोन हातांची, आणि आत तीच जुनी खुंटी. पुढे १९३४ मध्ये जपानी सैन्याने ती युरोपी मूठ सोडून पुन्हा जुन्या घाटाची मूठ आणली, तो भाग वेगळा.

ही गोष्ट वाचली आणि मला आमच्या आबाजींची आठवण झाली. गावच्या घरी एक कुऱ्हाड आहे. तिचं पातं गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवलेलं, दांडा आमच्याच धुऱ्यावरच्या बाभळीचा. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण मला आबाजींनीच शिकवली, पण त्यांचं स्वतःचं तत्त्वज्ञान निराळं आहे. दांडा सैल झाला की ते पाचर ठोकतात, कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात, लाकूड फुगतं आणि जोड घट्ट होतो. मी एकदा विचारलं, पातं ट्रकचं कसं चालतं हो आबाजी? ते म्हणाले, "पातं कोनाचंही असू दे पोरी, दांडा आपल्या हाताच्या मापाचा पाह्यजे."

रघूजी भोसल्यांच्या काळच्या कारागिरांचं म्हणणं बहुधा हेच असावं. सोलिंगेन, तोलेदो अशा युरोपी गावांत घडलेली पाती पोर्तुगिजांच्या आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आपल्या बंदरांवर उतरायची. ती लांब, सरळ आणि लवचीक होती, वाकली तरी परत सरळ व्हायची. आपल्या लोकांना पातं आवडलं, युरोपी मूठ आवडली नाही. मग मूठ आपली घडवली. आतून बोटांना गादी, बाहेरून बोटं झाकणारी रुंद परज, आणि मागे एक दांडी, म्हणजे वार जोरात करायचा तर दुसऱ्या हाताने तिथे धरता येतं.

पण आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना खरी गंमत आहे ती जोडात. साध्या तलवारीत मूठ पोकळ असते, तिच्यात लाख किंवा राळ वितळवून पात्याचं शेपूट बसवतात. फिरंगेच्या लांब पात्याला तेवढं पुरत नाही. म्हणून बऱ्याच फिरंगांमध्ये मुठीपासून दोन पोलादी पट्ट्या खाली उतरतात, पात्याच्या एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने एक. पातं त्यांच्यामध्ये धरलेलं, आणि तिन्हींतून आरपार रिव्हेट. मशीन डिझाइनच्या भाषेत हा डबल शिअरचा जोड झाला. एकाच बाजूला पट्टी असती तर रिव्हेट एका ठिकाणी कापलं गेलं की खेळ खलास. दोन्ही बाजूंना पट्टी आहे म्हणून तेच रिव्हेट तुटायला दोन ठिकाणी कापलं जावं लागतं. ५ मिलिमीटरच्या रिव्हेटचं क्षेत्रफळ १९.६ चौरस मिलिमीटर. लोखंडाची कातर-ताकद दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन धरली, तर एका बाजूच्या जोडाला सुमारे ४,९०० न्यूटन आणि दोन्ही बाजूंच्या जोडाला ९,८०० न्यूटन. तेच रिव्हेट, तेच लोखंड, ताकद दुप्पट!

आम्ही वर्कशॉपमध्ये ३ मिलिमीटरच्या पट्टीवर दोन्ही प्रकार करून पाहिले. लाखेचा जोड यूटीएमवर ताणला तेव्हा आधी काहीच झालं नाही आणि मग 'टक्' आवाज होऊन पट्टी सुळकन बाहेर आली. दोन पट्ट्यांच्या जोडात रिव्हेट शाबूत राहिलं, आधी पट्टीचं भोक लांबट झालं. म्हणजे तुटायच्या आधी त्याने सूचना दिली. आपले प्रोफेसर वर्षभर जे सांगतात, की चांगलं डिझाइन एकदम मान टाकत नाही, ते मला त्या लांबट भोकात दिसलं.

याच प्रोजेक्टच्या नादात मी आणखी एका तलवारीबद्दल वाचलं. जगदंबा या नावाने आपण जिला ओळखतो ती, सध्या इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात असलेली. १८७५-७६ मध्ये तिथला युवराज हिंदुस्थानात आला, तेव्हा कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून ती त्याला भेट म्हणून गेली. पातं युरोपी, मूठ आपली, हिरे-माणकांनी मढवलेली. आणि त्या संग्रहाच्या जुन्या यादीत नोंद आहे, की पात्याच्या पन्हळीत आय. एच. एस. ही अक्षरं तीनदा उमटवलेली आहेत.

ही तीन अक्षरं मी बारा वर्षं रोज बघितली आहेत! शाळेच्या चॅपेलमध्ये ऑल्टरच्या पांढऱ्या कापडावर ती भरतकामात होती. सिस्टरांनी सांगितलं होतं, की ग्रीक भाषेत येशूच्या नावाची ही पहिली तीन अक्षरं. म्हणजे कुणा युरोपी लोहाराने श्रद्धेने आपल्या देवाचं नाव पात्यावर उमटवलं, आणि तेच पातं इथे देवीच्या नावाने ओळखलं गेलं. ती अक्षरं घासून काढायचं कुणाला सुचलं नाही, गरजही वाटली नाही. वाचून मी बराच वेळ गप्प बसले. शाळेत मी 'व्हर्नाक्युलर घरातली' होते आणि होस्टेलवर 'फिरंगी'. दोन्हीकडे अर्धी. आणि इथे एक पातं होतं, ज्याच्यावर दोन्ही होतं आणि ज्याला कुणी अर्धं म्हटलं नव्हतं.

आता जे सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, रूममेटबद्दल आहे. तिची परवानगी घेतली आहे.

बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीत झालेली ही मुलगी. मेकॅनिक्सची गणितं आमच्या विंगमध्ये सगळ्यात आधी तिची सुटतात. घरचा पंप बिघडला की बाप हिला फोन करतो, आणि ही फोनवर आवाज ऐकून सांगते की फूटव्हॉल्व्ह गेला. पण पहिल्या वर्षाच्या व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, ही नुसती उभी राहिली. उत्तर येत होतं. तरी उभी राहिली. रूमवर आली, पेटी काढली आणि कपडे भरायला लागली. "मले समजते वं सारं. पन सांगाले जाते त शब्दच नाही भेटत. मी दर्यापूरले जातो आन् बी.ए. करतो." मग थांबून म्हणाली, "तुले इंग्रजी येते, मले काम येते. मार्क मात्र तुलेच भेटतेत."

मी काय बोलणार? ती म्हणत होती ते खरंच होतं.

त्या रात्री पेटी अर्धी भरलेली तशीच राहिली, कारण दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि मला मेकॅनिक्स येत नव्हतं. तिने मला शिकवलं, तिच्या भाषेत. शिअर म्हणजे काय, तर "कैची लागते थे, आडवी." बेंडिंग म्हणजे "कावडीची काठी पाह्य, मधात कशी झुकते." मी ते इंग्रजीत बोलून दाखवायचे आणि ती माझ्यामागे म्हणायची. रात्रीचे अडीच वाजले. आजवर पाठ केलेल्या व्याख्या मला त्या रात्री पहिल्यांदा समजल्या.

तेव्हा आम्हाला ना फिरंग माहीत होती ना जगदंबा. आता प्रोजेक्ट झाल्यावर मागे वळून बघते, तर वाटतं, आम्ही दोघी उलट-सुलट तलवारी आहोत. तिचं पातं अस्सल खारपाणपट्ट्यातलं, त्याला इंग्रजी मूठ बसवायची आहे. माझं पातं कॉन्व्हेंटचं, मला वऱ्हाडी मूठ लागली. आणि जोडाचे नियम दोघींनाही तेच आहेत. मूठ बसवायची म्हणून पातं कापू नये. ज्याने कापलं त्याने लोहाराची सही घालवली आणि तुटायची जागाही तयार केली. मुठीने थोडं लांब व्हावं, पट्ट्या खाली उतरवाव्या, आणि धरावं ते दोन्ही बाजूंनी.

कॉलेजात दरवर्षी काही मुलं-मुली पहिल्या सेमिस्टरनंतर दिसेनाशी होतात. आपण म्हणतो, 'झेपलं नाही बिचाऱ्याला.' पातं कच्चं होतं असं आपण धरून चालतो. जोड कसा होता, हे कुणी बघायला जात नाही. आमच्या स्टाफपैकी काही जण इंग्रजीत प्रश्न विचारून झाल्यावर हळूच म्हणतात, "मराठीत सांग, चालेल." त्या एका वाक्यात एक पट्टी खाली उतरते. सर, मॅडम, तुम्हाला ते साधं वाटत असेल. समोर उभ्या असलेल्याला विचारा!

एक गोष्ट इतिहासाचीही सांगायला हवी, नाहीतर माझी तलवार फारच गोड होईल. नुसतं बाहेरून चांगलं पातं आणलं की सगळं भागतं, असंही नाही. रघूजींच्या नंतर अर्धशतकाने, २९ नोव्हेंबर १८०३ ला, आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांची फौज इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीपुढे हरली. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. शूर माणसं तेव्हाही होती आणि उत्तम तलवारीही होत्या. पण तलवार घेता येते, कवायत आणि तोफखान्याची शिस्त दुकानात मिळत नाही, ती मुरावी लागते. चिखलदऱ्याला आपण सगळे धुकं आणि मक्याच्या कणसांसाठी जातो. पुढच्या वेळी गाविलगडाच्या दरवाजात पाच मिनिटं उभे राहा.

रूममेटने पेटी रिकामी केली. तिसऱ्या सेमिस्टरच्या व्हायव्हात तिला डबल शिअर विचारलं. तिने आधी दोन हाताचे तळवे जोडून मधे पेन धरून दाखवलं, मग मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत. तिचं इंग्रजी अजून तिचंच आहे, माझ्यासारखं नाही, आणि नसावंच. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं झालं? तर म्हणाली, "रिव्हेट नाही तुटलं वं. भोक थोडंसं लांबलं फक्त!"

आता आम्ही गर्ल्स हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये रोज रात्री दहाला बसतो. सुरुवातीला दोघी होतो, आता अकरा जणी आहोत. त्यातल्या सहा मराठी माध्यमाच्या, पाच 'कॉन्व्हेंट'च्या. नियम एकच. इंग्रजीवालीने मराठीत समजावायचं आणि मराठीवालीने इंग्रजीत. हसायला परवानगी आहे, पण दोन्ही बाजूंनी. पहिल्या वर्षाच्या मुलींनो, जरूर या. चहा माझ्याकडे, ठेचा तिच्याकडे.